उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे वाचन कसे टिकवावे

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे दुसरी-तिसरीतील मुलांचे नुकतेच जमू लागलेले वाचन मागे पडू शकते. दुपारी कूलरसमोर, पन्ह्याचा पेला देऊन, मुलाशेजारी पंधरा मिनिटे बसावे. आधी अर्धे पान शब्दांखाली बोट फिरवत आपण वाचावे, मग तेच त्याला वाचू द्यावे. ‘प्रश्न’ या शब्दावर मूल अडखळले, तर लगेच उत्तर न सांगता मनात पाचपर्यंत मोजावे आणि नंतर ‘प्र’ व ‘श्न’ वेगळे लिहून दाखवावे. जोडाक्षर स्वतः उलगडल्यावर त्याचा चेहरा जो खुलतो, तो मला कोणत्याही गुणांहून मोलाचा वाटतो. लहान वर्गांतील मुलांना वाचन व अंकगणित पक्के यावे यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे लक्ष्य असले, तरी घरी घड्याळ लावू नये. सायंकाळी सीताबर्डीच्या बाजारात गेल्यास दुकानांच्या पाट्या वाचायला सांगाव्यात. घरात वऱ्हाडी किंवा हिंदी बोलली जात असेल, तर गोष्टीचा अर्थ त्याच भाषेत सांगू द्यावा. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर आधी नेत्रतपासणी करून घ्यावी.