कॅटलॉगची तयारी: प्रदर्शनाच्या सहा महिने आधीपासून

जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी उतरतं. त्यानंतर चित्रं कुणाच्या घरी, कुणाच्या ऑफिसात, बरीचशी परत स्टुडिओत जातात. तीच सगळी चित्रं पुन्हा एका भिंतीवर एकत्र लागणं जवळपास अशक्यच. मागे उरतं ते छापलेलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाचं १९४९ मधलं मुंबईतलं प्रदर्शन प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता सापडायची नाहीत, पण त्याच्या कॅटलॉगमध्ये गटाचे एक संस्थापक, चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी जे लिहिलं ते आजही जागोजागी उद्धृत होतं. १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं. त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते. त्या प्रदर्शनाविषयी बोलायचं झालं की कॅटलॉगमधल्या समीक्षक गीता कपूर यांच्या लेखाचा विषय निघतोच. त्यामुळे ‘शो तर ठरलाय, कॅटलॉगचं शेवटच्या महिन्यात बघू’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. पहिलं-दुसरं एकल प्रदर्शन करणाऱ्या चित्रकारांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या मित्रमंडळींसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, म्हणजे गॅलरीची तारीख हातात आली त्याच आठवड्यात, नेमकं काय छापायचं ते ठरवा. घडीचा फोल्डर, बत्तीस पानांची पुस्तिका की जाडजूड ग्रंथ? पहिल्या प्रदर्शनाला बत्तीस पानं नीट केली तर ती पुरेशी असतात, असं माझं ठाम मत आहे. पैसे ताणून केलेल्या दीडशे पानांत निम्मी छायाचित्रं कच्ची असतात आणि लेख घाईचा असतो. पानांची संख्या सोळाच्या पटीत धरा. तेवीस बाय छत्तीस इंची कागदावर साधारण साडेआठ बाय अकराच्या आकाराची सोळा पानं दोन्ही बाजूंनी मिळून बसतात. एक फर्मा, म्हणजे एका शीटवरच्या पानांचा पूर्ण गट, होतो आणि कागद वाया जात नाही. छापखान्यात जाऊन मग आकार ठरवण्यापेक्षा आकार आधी विचारून घ्या.

पुस्तक म्हणजे चित्रांची अल्बमच असली पाहिजे असं नाही. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनं भरवणारे सेथ सिगेलॉब यांनी सात कलावंतांना प्रत्येकी पंचवीस पानं दिली आणि ते पुस्तक हेच प्रदर्शन होतं. जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या १९७२ च्या पाचव्या खेपेचा कॅटलॉग सुट्या पानांच्या फाइलसारखा होता आणि मुखपृष्ठावर चित्रकार एड रुशे यांनी मुंग्यांचा ५ काढला होता. तुमचं काम मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), व्हिडिओ किंवा सादरीकरण (परफॉर्मन्स) असेल तर असा विचार जरूर करा. साधी कॅनव्हासवरची चित्रं असतील तर मात्र वेगळेपणाच्या हौसेपायी वाचकाला चित्र नीट दिसणार नाही असं काही करू नका.

आता खरं काम: चित्रांची मूळ यादी. हा तक्ता एकदाच, नीट, एकाच माणसाने करायचा. कॅटलॉग, भिंतीवरच्या पाट्या, विम्याचे कागद, वाहतुकीची पावती, दरपत्रक हे सगळं ह्याच तक्त्यातून निघालं पाहिजे. प्रत्येक कामाला कायमचा क्रमांक द्या. नावाच्या भरवशावर राहू नका, कारण अर्ध्या कामांची नावं ‘अनटायटल्ड’ असतात. वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांचंच बघा. इतकी चित्रं शीर्षकाविना आहेत की वर्ष, माप आणि छायाचित्र यांच्याशिवाय कुठल्या चित्राविषयी बोललं जातंय हे सांगताच येत नाही.

माप फ्रेमशिवाय घ्या आणि उंची आधी, रुंदी नंतर लिहा. हा संकेत मोडला की आडवं चित्र उभं होतं. आपल्याकडे इंच चालतात, पण सेंटिमीटरही लिहा. ४८ बाय ७२ इंच म्हणजे १२१.९ बाय १८२.९ सेंटिमीटर, हे आत्ताच तक्त्यात असू द्या, नाहीतर कुणीतरी आयत्या वेळी मोबाइलवर गुणाकार करतं आणि एक आकडा चुकतो. माध्यम ‘मिश्र माध्यम’ एवढ्यावर भागवू नका. कागदावर शाई, कोळसा आणि चहाचं पाणी असेल तर तसंच लिहा. पन्नास वर्षांनी ते चित्र दुरुस्तीला घेणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. वर्ष सही केल्याचं की काम पूर्ण झाल्याचं हे चित्रकाराला विचारा. चित्र उलटं करून मागची बाजू बघा आणि तिचाही फोटो काढा. तिथे तारीख, जुन्या प्रदर्शनाची चिकटपट्टी, कधी वेगळंच शीर्षक सापडतं. विकलेल्या चित्रासाठी संग्राहकाला नाव छापू का ते विचारा. नको म्हणाले तर ‘खासगी संग्रह’ एवढंच. किमती पुस्तकात कधीच नकोत. त्यांचा वेगळा कागद करा.

छायाचित्रण फ्रेम बसवण्याआधी उरकून घ्या. काच बसली की खिडकी, दिवा आणि फोटोग्राफर तिघंही चित्रात दिसू लागतात. चित्रं टेम्पोत चढण्याआधीचे दोन सलग दिवस यासाठी राखून ठेवा आणि कॅटलॉगसाठी चित्रांचं काम करणाराच फोटोग्राफर गाठा. लग्नाचे उत्तम फोटो काढणाऱ्याला हे जमेलच असं नाही. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याला, चित्राशी समांतर. दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश. पहिल्या फोटोत रंगांच्या चौकटींचं कार्ड ठेवलेलं असावं, म्हणजे संगणकावर रंग जुळवताना आधार मिळतो. चित्राच्या चारही कडा दिसू द्या, कडांबाहेरचं नंतर कापता येतं. छापायच्या मापाला तीनशे डीपीआय (दर इंचाला तीनशे ठिपके) हवं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल कितीही चांगली दिसली तरी ती घ्यायची नाही.

पृष्ठभागात काही घडत असेल तर एक जादा फोटो एका बाजूने तिरका प्रकाश टाकून काढा. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर लावत आणि काढत. समोरून सपाट उजेड टाकला तर ते सगळं पुसल्यासारखं होतं आणि हाती नुसता पिवळा किंवा राखाडी आयत उरतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, ते जगभर अनेकांनी पुस्तकातूनच पाहिलं. जाड रंग लावणाऱ्या, कापड शिवणाऱ्या, माती थापणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर घ्यावी. असा जवळून घेतलेला भाग छापाल तेव्हा खाली ‘तपशील’ हा शब्द हवाच. पूर्ण चित्राची कड मात्र मांडणीच्या सोयीसाठी एक मिलिमीटरही कापायची नाही.

हक्कांचं लवकर उरका. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही, तो लेखी दिला नसेल तर चित्रकाराकडेच राहतो. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. गट-प्रदर्शनात दिवंगत कलावंताचं काम असेल तर कुटुंबीयांचं पत्र घ्या. फोटोग्राफरशी एका पानाचा करार करा आणि त्याचं नाव छापा. तोंडी ‘हो, हो, वापरा’ यावर पुढच्या आवृत्तीच्या वेळी भांडणं होतात.

लेखक निदान तीन महिने आधी ठरवा. मानधन, शब्दसंख्या आणि मुदत पहिल्याच फोनवर सांगा. लेखकाला चित्रं स्टुडिओत दाखवा, पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. प्रवासाला वेळ नाही म्हणणाऱ्याकडून लेख न घेतलेलाच बरा. चित्रकाराच्या वह्या, पत्रं, जुनी आमंत्रणं लेखकाच्या हातात द्या. चित्रकार प्रभाकर बरवे मराठीत विचार करत आणि लिहीत. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक नसतं तर त्यांच्या चित्रांकडे जाण्याची केवढी मोठी वाट बंद राहिली असती!

इथे मराठी मजकुराविषयी थोडं सविस्तर बोलायलाच हवं. कोल्हापूर, सांगली, नागपूर, सावंतवाडीहून येणारा चित्रकार, घरी-दारी मराठी बोलणारा, आणि कॅटलॉगमध्ये मात्र एक अवघड इंग्रजी लेख, जो त्याच्या आईवडिलांनाच काय, त्यालाही धड वाचवत नाही. हे मला मनापासून खटकतं. मराठी लेख स्वतंत्रपणे मराठीतच लिहून घ्या आणि त्याला इंग्रजीइतकीच पानं, तेवढाच मोठा टाइप द्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात कोंबलेला घाईचा अनुवाद कुणी वाचत नाही.

जुळणीत देवनागरीचे खास घोटाळे असतात, ते आधीच माहीत असू द्या. लेख जुन्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. रूपांतरावर विसंबू नका, अक्षर न् अक्षर वाचा. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि ‘चित्र’ हा शब्द, तोही चित्रांच्या पुस्तकात, ओळखू येत नाही. मजकुराची भाषा मराठी अशी निवडा, कारण बऱ्याच फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं तेव्हाच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द त्यांतल्या अर्ध्या ‘र’साठी मुद्दाम तपासा. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वर मात्रा आणि खाली उकार असतात. चांगल्या फाँटसाठी खर्चही नाही: मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ कुणालाही विनामूल्य वापरता येतो. मुद्रितशोधन दोघांनी करावं, त्यातला एक पूर्णपणे बाहेरचा. चित्रांखालच्या ओळी मूळ तक्त्याशी एकाने मोठ्याने वाचायच्या आणि दुसऱ्याने टिक करायच्या.

श्रेयाच्या पानावर प्रदर्शनाचं ठिकाण, तारखा आणि वर्ष छापा. वर्ष! जुन्या फोल्डरांवर ‘१२ ते १८ मार्च, सकाळी ११ ते संध्याकाळी ७’ एवढंच असतं आणि अभ्यासकाला ते कुठल्या दशकातलं हे फोन नंबरच्या आकड्यांवरून ताडावं लागतं.

कागद हाताने बघून निवडा. गडद तैलरंगांना मॅट आर्ट पेपर बरा, तर रेखाटनं साध्या, कोटिंग नसलेल्या कागदावर जिवंत वाटतात. काळ्या मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन केलं की बोटांचे ठसे उठतात. चित्र दोन पानांवर पसरवायचं असेल तर शिवण बांधणीच घ्या. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही आणि चित्राचा मधला भाग गिळला जातो. पडद्यावर रंग पास करू नका. कागदावर प्रूफ मागवा, शक्य असेल तर एखादं लहान मूळ चित्र नीट गुंडाळून छापखान्यात न्या आणि मशीनवर पहिली शीट येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघा. निळा जांभळ्याकडे झुकतोय का, पिवळा हिरवट दिसतोय का, एवढं सांगितलं तरी मशीनवरचा कारागीर शाई सांभाळून घेतो. ही माणसं फार जाणकार असतात, त्यांच्याशी बोला. प्रती उद्घाटनाच्या दहा दिवस आधी हातात येतील असं वेळापत्रक ठेवा. बाइंडिंगला नेहमी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागतात, दिवाळी अंकांच्या मोसमात तर हमखास.

मांडणशिल्पवाल्यांची अडचण वेगळी. काम गॅलरीत उभं राहिल्याशिवाय त्याचा फोटो नाही आणि फोटोशिवाय पुस्तक नाही. अशा वेळी उद्घाटनाला लेखांची छोटी पुस्तिका द्या आणि पूर्ण पुस्तक दोन-तीन महिन्यांनी काढा. त्याचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा, कारण प्रदर्शन उतरल्यावर त्यासाठी कुणी पाकीट उघडत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात विनामूल्य मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून. छपाईच्या बऱ्याच आधी करा, कारण नंबर येईपर्यंत वाट बघावी लागते. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, चेन्नईची कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय इथे प्रती पाठवायच्या असतात. ह्याकडे कटकट म्हणून बघू नका, गॅलरीच्या टेबलावरच्या गठ्ठ्यापेक्षा तिथे तुमचं पुस्तक जास्त सुरक्षित आहे. एक प्रत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला द्या, एक तुम्ही जिथे शिकलात त्या कला महाविद्यालयाला, एक गावच्या वाचनालयाला. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने दक्षिण आशियातल्या कलालेखनाची सूची केली आहे, त्यांनाही कळवा.

दहा प्रती विकायच्या नाहीत, वाटायच्याही नाहीत. त्या कपाटात, कोरड्या जागी, आडव्या ठेवा. छापखान्याला दिलेली शेवटची पीडीएफ, मांडणीची फाइल फाँटसकट, मूळ छायाचित्रं आणि तो तक्ता हे सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा. पुढच्या चित्राला त्याच तक्त्यातला पुढचा क्रमांक द्या.