घरचा वायफाय कॅमेरा: या चुका टाळा

कॅमेरा खराब निघाला म्हणून तो दुकानात परत नेण्याआधी राउटर एकदा तपासावा. घरगुती वापराचे बरेचसे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तर नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन्ही नेटवर्के एकाच नावाने देतात. मोबाइल ५ वर असतो आणि काही कॅमेरे जोडणीच्या वेळी तेथेच अडकून बसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत, मोबाइल २.४ वर आणावा आणि मगच ॲपने मोबाइलवर दाखवलेला क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरावा.

जागा निवडतानाही घाई होते. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असोत की नव्या इमारतींचे काँक्रीट, सिग्नल वाटेत बराच क्षीण होतो. म्हणून भिंतीला ड्रिल लावण्यापूर्वी नेमक्या त्या जागी कॅमेरा हातात धरून पाच-दहा मिनिटे चित्र पाहावे.

सिडकोतल्या आमच्या घरी मी पहिला कॅमेरा चोरीच्या भीतीने आतून खिडकीच्या काचेला टेकवून ठेवला होता. दिवसा फाटकाची कडीसुद्धा स्पष्ट दिसे, पण दिवस मावळला की मोबाइलवरचे चित्र पांढरेफटक होई, आणि मी दोन रात्री राउटर बंद-चालू करण्यात घालवल्या. अंधार पडताच कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्यांचा प्रकाश काचेवरून परत भिंगात येतो, एवढेच त्याचे कारण होते. ते दिवे सेटिंगमधून बंद करून ओसरीचा बल्ब रात्रभर चालू ठेवला, तेव्हा फाटक पुन्हा दिसू लागले. कॅमेरा बाहेरच लावायचा असेल, तर नाशिकच्या पावसाचा विचार करून तो आयपी ६६ दर्जाचा (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव असलेला) घ्यावा आणि अडॅप्टर मात्र आत ठेवावा.

चित्र मोबाइलवर आले की बसवणारा पैसे घेऊन निघून जातो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक तेवढ्यात होऊन गेलेली असते. आमच्या शेजारच्या काकूंकडे कॅमेरा बसवणाऱ्याने तो सोयीसाठी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवला आणि काकूंना फक्त पाहण्याची परवानगी दिली. म्हणजे त्यांचा दिवाणखाना वर्षभर त्याच्या खात्यात होता. अशा वेळी केवळ रीसेटचे बटण दाबून भागतेच असे नाही, कारण अनेक कंपन्यांच्या सर्व्हरवर जुनी नोंद तशीच राहते. मूळ खातेदाराकडून कॅमेरा त्याच्या ॲपमधून समोर बसून काढून घ्यावा, नंतर तो आपल्या खात्यावर जोडावा, आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लगेच सुरू करावी.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे ही चूक जुनी असली तरी अजून संपलेली नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) अशी साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या.

बाहेरगावाहून चित्र पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत राउटरमध्ये वाट उघडणे) करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांकरूपी पत्ता) बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असल्याने हा उपाय चालतच नाही, आणि जेथे चालतो तेथे कॅमेऱ्याचे लॉगिन पान साऱ्या जगाला उघडे होते. कंपनीचे ॲप अथवा राउटरवरील व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) वापरावे. राउटरमधील यूपीएनपी ही सोय बंद करावी, कारण ती न विचारता अशीच वाट उघडते. शक्य असल्यास कॅमेऱ्याला गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) ठेवावे, म्हणजे त्यात कोणी शिरलाच तरी घरातल्या संगणकापर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते. फर्मवेअरचे (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट आले की ते टाकावे. नवीन कॅमेरा घेणाऱ्यांनी त्याला अपडेट किती वर्षे मिळणार, हे आधीच विचारावे.

वीज गेल्यावर कॅमेरा ऑफलाइन दिसतो, ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. बॅटरीवरचा कॅमेरा घेऊनही ती सुटत नाही, कारण राउटर आणि इंटरनेटच्या फायबरचा डबा बंद पडलेला असतो. त्या दोघांसाठी लहान १२ व्होल्टचा यूपीएस घ्यावा, मात्र त्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत.