पद्मिनीचं कॉम्प्रेशन उतरलंय? हेड खोलण्याआधी एवढं करा

जुन्या गाड्यांचं काम शिकायला प्रीमिअर पद्मिनीइतकी सोयीची गाडी नाही. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. मी याच गाड्यांवर शिकलो. नवीन पोरं येतात ती एकच प्रश्न घेऊन: पिकअप नाही, मिसिंग येतंय, इंजिन बांधायचं (पूर्ण खोलून दुरुस्त करायचं) का? आधी कॉम्प्रेशन गेज लावा, म्हणजे प्लगच्या भोकात बसवून सिलिंडरमधला दाब दाखवणारं मीटर.

इंजिन गरम हवं, बॅटरी चार्ज हवी. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, चोक उघडा आणि सेल्फ मारणाऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा. हे शेवटचं हमखास राहतं. थ्रॉटल बंद असला तर हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिनही मेलेलं वाटतं. पाच-सहा धक्के पुरेत, पण नजर पहिल्या धक्क्यापासून काट्यावर ठेवा. पहिल्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. सुरुवातीपासून कमी आणि पुढेही फारसा हललाच नाही, तर बहुधा व्हॉल्व्ह.

माझ्या मते आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. चारही 110 पीएसआय (दाबाचं माप) दाखवत असतील, तर इंजिन म्हातारं आहे पण सारखं झिजलंय, खुशाल चालवा. तीन 130 ला आणि एक 90 ला असेल, तर गाडी ठेवून घ्या.

अशीच एक आली होती, तिसरा सिलिंडर 90. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, सेल्फ मारला, काटा 95 वर. रिंगा गेलेल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा चांगलाच उसळला असता. (तेल जास्त ओतू नका, जागाच कमी होऊन आकडा उगाच फुगतो.) मग टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायच्या फटीत) फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांपैकी, सगळ्यात पातळ पातंही शिरेना. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. गॅप लावला, काटा 105 पर्यंत आला आणि थांबला. तेव्हा कुठे हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं. व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्लेली होती.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर मात्र हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) धरा. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. घाटात एकदा उकळली की हेड वाकायला वेळ लागत नाही. अशा वेळी नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघा.

कॉम्प्रेसर असेल तर आणखी सोपं. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी हलू न देता प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. कार्बोरेटरमध्ये फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गिऱ्हाईकालाही बोलावून ऐकवा, खर्चाचं बोलणं सोपं जातं.