विहीर अर्जात बसत नाही

नवीन लिहिणारी पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला, सर तुम्ही का लिहिता. फेब्रुवारीत तर जास्तच, २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती म्हणून नाशकात जिकडेतिकडे कार्यक्रम, मग माईक हातात आला की समाज, बांधिलकी असलं कायतरी तोंडातून जातंच. खरं कारण एवढं भारी नाहीये.

बारावीनंतर मराठी ३० ची टायपिंगची परीक्षा दिली आणि मामानं सुट्टीत सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेरच्या त्याच्या टेबलावर बसवलं. वर छत्री, पुढ्यात मशीन, दोन कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. एकदा दिंडोरीकडची एक आजी आली, नवरा वारलेला, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. मामा विचारतोय गट नंबर, आणि आजी सांगतेय की विहीर खणताना अठरा हातावर खडक लागला, मालक म्हणले सोडून देऊ, मी म्हणलं माझ्या पाटल्या मोडा पण खणा, आणि पाणी लागलं त्या दिवशी मालक खालूनच ओरडले ते माझं नाव घेऊन, एरवी कधी नाव घेत नव्हते. मामा म्हणाला, आजी, विहीर राहू द्या, नंबर सांगा. बरोबरच होतं त्याचं, मागं रांग होती. कागदावर आलं काय तर ‘मयत खातेदार यांचे कायदेशीर वारस’ वगैरे चार ओळी.

त्या रात्री मी विहीर वहीत लिहिली. का लिहितो याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे, अर्जात न बसलेलं उरतं म्हणून.

आता तुमच्या कामाचं. तुमच्यापाशी काय उरलंय ते बघा, विषय शोधत फिरू नका. मी पहिली दोन वर्षं शोधला, पाऊस, एकटेपणा, गोदाकाठची संध्याकाळ, सगळं भंगार. नोकरी सोडायची नाही, हे हात जोडून सांगतो. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, शंभरी उलटून गेली, पण मानधनावर घर चालवणारा मला तरी अजून भेटलेला नाही. कथा दिवाळीसाठी पाठवायची तर पावसाळ्यातच पाठवा, आणि युनिकोडमध्ये, नाहीतर संपादकाकडे भलतीच अक्षरं उघडतात. घरी जागा नसेल तर नाशकातलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, मी तिथं बसून वाचायला शिकलो, लिहायला नंतर. ऐकलेली गोष्ट लिहिताना माणसाचं नाव-गाव बदला. मी त्या कथेत तालुकाच बदलला, पाटल्या मात्र ठेवल्या, त्या काढल्या असत्या तर उरलं काय असतं?

ती कथा दोनदा परत आली. तिसऱ्या ठिकाणी छापली, शेवटचा पॅरा मला न विचारता उडवून, मानधनाचा तर पत्ताच नाही, नुसते दोन अंक आले. चिडून एक मामाच्या टेबलावर आपटला. त्यानं गिऱ्हाईक थांबवून तिथंच अख्खी वाचली, चष्मा काढला, पुसला.

म्हणाला, “सगळं आलंय रे. गट नंबर तेवढा राहिला.”