टीसी काढली का नाही, ते आधी सांगा

अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. जूनमध्ये बारावीचा निकाल घेऊन येणारी लेकरं सोपी. माझा जीव खातात ते उशिरा येणारे, मधेच सोडून परत आलेले आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेले. त्यांना मी खुर्चीवर बसायच्या आधी एकच विचारते : मागच्या कॉलेजातून टीसी काढली का?

काढली नसेल तर बरंच झालं. तुमचं नाव तिथल्या रजिस्टरला अजून आहे आणि जुना पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, तोच पुढे चालवायचा. तो जुन्या हॉलतिकिटावर नाहीतर गुणपत्रिकेवर सापडतो. हे मी शिकले ते स्वतः माती खाऊन. दुकान नवं होतं तेव्हा एक मुलगी तीन वर्षांच्या खंडानंतर आली. मी सरळ ‘नवीन विद्यार्थी’वर क्लिक केलं. दुसरा पीआरएन निघाला. पहिल्या वर्षाचे गुण एका नंबरवर, दुसऱ्या वर्षाचे दुसऱ्यावर, आणि निकाल राखीव. दोन्ही नंबर एक करायला अर्ज, शपथपत्र, विद्यापीठाच्या चकरा. एसटीचं भाडं मी दिलं, पण तिचं गेलेलं वर्ष काही मला देता आलं नाही. तेव्हापासून जुना नंबर दाखवल्याशिवाय मी फॉर्म उघडत नाही.

टीसी काढून हरवली असेल तर त्याच कॉलेजात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. त्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का येतो, घाबरू नका. मूळ टीसी नव्या कॉलेजात जमा होते, म्हणून देण्याआधी तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा. (हे मी धंद्यासाठी सांगत नाही.)

मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट लागतं. नाव इंग्रजी असलं तरी ते साधं शपथपत्र असतं : या काळात मी कुठंही प्रवेश घेतला नव्हता, एवढंच. ते साध्या कागदावर चालतं का स्टँपवर, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारूनच तहसीलला जा. खंड खरंच किती वर्षांचा आहे तेवढाच लिहा. मधे मुक्त विद्यापीठात नाव घातलं असेल तर तेही सांगा, नंतर निघालं की जास्त त्रास होतो.

लग्न झालेल्या ताईंना वेगळं सांगते. आधारवर सासरचं आडनाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. प्रवेश दहावीच्या नावानं घ्या आणि लग्नाचा दाखला जोडा. त्यात आता एबीसी आयडी आलाय, म्हणजे श्रेयांक (क्रेडिट) जमा होणाऱ्या खात्याचा, डिजिलॉकरमधून काढायचा बारा आकडी नंबर; तो आधारवरून निघतो, म्हणून नावं जुळत नाहीत. त्या दुरुस्तीला वेळ लागतो. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ती करायला बसू नका.

आता उशिराचं. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे निम्मी गावं ऊसतोडीला जातात. गेल्या साली केजकडची एक पोरगी आली, कॅरीबॅगेत कागद, हाताला पाचटाचे ओरखडे. “ताई, प्रवेश जूनलाच घेतलाय, आता पेपर कधी?” परीक्षेचा फॉर्म भरला का, म्हटलं. तिला वाटलं होतं प्रवेश म्हणजे सगळंच झालं. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, त्याची तारीख वेगळी, विलंब शुल्क वेगळं. हिवाळी परीक्षा हुकली तर ते विषय बॅकलॉग म्हणून पुढच्या परीक्षेला द्यावे लागतात आणि त्याचाही फॉर्म वेगळाच भरायचा. घरात मागं राहिलेल्या आजीच्या मोबाईलवर ओटीपी येत असेल तर तो नंबर आधीच बदलून घ्या.

प्रवेशाचीच तारीख गेली असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, गरज पडल्यास ते तो विद्यापीठाकडे पाठवतात. कारण एका ओळीत, पुरावा सोबत : दवाखान्याचे कागद, किंवा ग्रामसेवकाकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी “या उद्या” म्हणणारा क्लार्क उद्या रजेवर असतो.

दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांची गंमत आमच्याकडे जास्त. लातूर इथून दीड तासावर, पण ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, आणि आम्ही संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. 1994 ला हे दोन झाले. स्वामीजींनी शाळा चालवली आमच्या गावात, त्यांच्या नावाचं विद्यापीठ मात्र आम्हाला परकं! तर लातूरहून पदवी करून एमएला इकडे येणाऱ्याला टीसीबरोबर मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, काढावं लागतं. ते कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. बिदरकडून पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, करून आलेल्यानं बोर्डाचं मायग्रेशन आणावं. पात्रता निश्चित होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो.

चाकणला कंपनीत राबणाऱ्यांनी इथल्या कॉलेजात नुसतं नाव घालून ठेवू नये, हजेरीला अडकतात. त्यांच्यासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बरं. इग्नूचे प्रवेश जुलै आणि जानेवारी असे दोनदा असतात.

राहिलं उन्हाळी सुट्टीचं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबून सर्टिफिकेट घेता येतं, पण वर्षाच्या श्रेयांकांवर आणखी 4 श्रेयांकांचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप करावी लागते, तीही बहुधा त्याच सुट्टीत. सोडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पदवी एकूण सात वर्षांत संपवायची. कुणी 2024 च्या आधी जुन्या अभ्यासक्रमात प्रथम वर्ष केलं असेल तर कुठले पेपर समकक्ष धरणार, ते विभागातून लेखी घ्या.

आणि पैसे कापले जाऊन पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा फोटो काढा, दोन दिवस थांबा, मग माझ्याकडे या. दुपारी एक ते तीन लाईट नसते.