भाडोत्री फौजांची गुणपुस्तिका लिहिताय? या चुका टाळा

स्वतःचं काल्पनिक जग रचणाऱ्या लेखकांना आणि फासे टाकून खेळ चालवणाऱ्यांना एक कल्पना फार भुरळ घालते: त्या जगातच छापलेली, तिथल्या भाडोत्री फौजांना गुण देणारी पुस्तिका. ती खेळाडूंच्या हातात पडली की जग एकदम खरं वाटायला लागतं. नाशिकमधल्या आमच्या खेळगटातले असे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेक मसुदे एकाच जागी अडतात. ही पुस्तिका विकत कोण घेणार, याचा विचारच झालेला नसतो.

ती घेणार पैसे मोजणारा माणूस. गढीचा मालक, तांडा घेऊन निघालेला व्यापारी, शेजारच्या राजाला धास्तावलेली राणी. फौज किती शूर आहे यापेक्षा ती शब्दाला किती जागेल, याची त्यांना काळजी असते.

पराक्रमाला तारे देणं

‘शौर्य: पाच तारे’ असं लिहून मोकळं होणं ही सर्वांत मोठी चूक. आपल्याच इतिहासातले गारदी बघा. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या आणि त्यात त्यांची प्रचंड हानी झाली. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. पुढे १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला तोही गारद्यांनीच, आणि त्या बंडामागे थकलेल्या पगाराचा असंतोष होता. दोन्ही ठिकाणी नाव एकच, मधे फक्त १२ वर्षं. मग ‘गारदी’ या नावापुढे किती तारे द्याल?

म्हणून नोंद फौजेच्या नावाने न करता सरदाराच्या नावाने करा आणि ठळक जागा पगाराच्या रकान्याला द्या. आगाऊ रक्कम किती लागते? आपल्याकडे शिलेदारांना, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वारांना, मोहिमेआधी नालबंदी नावाची आगाऊ रक्कम द्यावी लागे, तसं काही तुमच्या जगात आहे का? पगार किती महिने थकला तर ते गप्प राहतात, कधी दारात धरणं धरून बसतात आणि कधी तलवार उपसतात? या तीन पायऱ्या लिहिल्या की खेळ चालवणाऱ्याला आयती गोष्ट मिळते. १५२२ साली इटलीत बिकोका इथे पगार थकलेल्या स्विस शिपायांनी ‘लढाई द्या, नाहीतर घरी जातो’ असा हट्ट धरला आणि तटबंदीवर समोरून चालून जाऊन हजारोंनी मेले. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. बुडाला तो त्यांना कामावर ठेवणारा.

मालक पडला तर काय, हे न लिहिणं

हा रकाना मी आजवर जवळजवळ कुठल्याच मसुद्यात पाहिलेला नाही. वाईट वाटतं, कारण त्याचं अस्सल उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. दुसरा बाजीराव ३ जून १८१८ ला इंग्रजांना शरण गेला. तेव्हाही मालेगावच्या भुईकोटात अरब शिपाई कंपनीच्या तोफांसमोर झुंजत होते. किल्ला पडला तो त्या महिन्याच्या मध्यावर. पेशवाई संपली तरी किल्ला लढत होता. याच्या उलट, १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर शिंद्यांच्या कवायती पलटणींतले अनेक युरोपीय अधिकारी इंग्रजांशी लढायला नको म्हणून नोकरी सोडून गेले. तेव्हा दोन ओळी हव्यातच: ‘मालक मेला किंवा शरण गेला तर’ आणि ‘कोणाविरुद्ध लढणार नाहीत’. दुसरी ओळ वाचून खेळाडू शत्रू निवडतात, एवढी ती कामाची आहे.

एकाच आकड्यात सगळं बसवणं

पेठ रस्त्याने आशेवाडीला गेलात तर रामशेज दिसतो. लहानसाच किल्ला, पण १६८२ पासून त्याने औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षं अडवून धरलं. त्या शिबंदीला उघड्या मैदानात घोडदळासमोर उभं केलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता. किल्ला धरणं, किल्ला घेणं, मैदान, घाट, नदी यांचे गुण वेगवेगळे द्या. एकूण सरासरी छापूच नका.

संख्येतही घोळ होतो. मध्ययुगीन इटलीत फौज ‘लान्स’मध्ये मोजत, आणि इंग्रज सरदार जॉन हॉकवूडच्या काळात एका लान्समध्ये तीन माणसं धरत: चिलखती स्वार, त्याचा मदतनीस आणि एक पोरगा. शिवाय हजेरीपटावर नसलेली माणसं दाखवून पगार उचलणं तर सर्रास चाले. म्हणून ‘कागदावरची संख्या’ आणि ‘झडतीत सापडलेली संख्या’ असे दोन आकडे द्या. त्यांतला फरक बरंच सांगून जातो.

सगळे खेळाडू वरच्या क्रमांकाचीच फौज घेतात?

खर्च खरा करा, म्हणजे ही अडचण सुटते. एका घोड्याला दिवसाला वैरण-दाणा मिळून साधारण ८ ते १० किलो लागतं. ५०० घोडी म्हणजे रोज चार-पाच टन. ड्रॅगन असतील तर त्यांच्या खाण्याचाही असाच हिशेब मांडा. हंगामही लिहा. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, कारण पावसाळ्यात वाटा आणि नद्या बंद. तुमच्या जगातली सर्वोत्तम फौज चार महिने मिळतच नसेल, तर दुसऱ्या क्रमांकाचा भाव आपोआप चढतो. आणि फौज लढण्याचेच पैसे घेते असंही नाही. १३७५ साली फ्लॉरेन्सने हॉकवूडला १,३०,००० फ्लोरिन दिले ते आपल्यावर चालून येऊ नये म्हणून. हा दरही छापा.

पुस्तिका कोणी छापली?

सर्वज्ञ निवेदकाच्या आवाजात लिहिलेली पुस्तिका निर्जीव वाटते. ती सावकारांच्या पेढीने छापली असेल तर तिला थकबाकी आणि जामीन दिसेल, जळालेली गावं दिसणार नाहीत. मंदिराने छापली तर उलट. छापणारा ठरवा आणि त्याला काय दिसत नाही तेही ठरवा. मग एखाद्या नोंदीवर जुन्या गिऱ्हाइकाने समासात खरडलेली हरकत घाला. प्रत्येक नोंदीखाली माहिती कोणत्या साली घेतली ते हवंच. त्यानंतर सरदार बदलला असेल तर जुने गुण पुढे ओढू नका. जागा कोरी ठेवा आणि तिथे फक्त नव्या सरदाराचं नाव छापा.