लिनक्सवर अँटीव्हायरस टाकताय? आधी या चुका टाळा

कॉलेज रोडच्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, हे नाशकात शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी भोगलंय. त्यामुळे कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं की पहिला प्रश्न ठरलेला, यात अँटीव्हायरस कुठला टाकायचा? माझ्या काकांनी पण हेच विचारलं आणि मी "काही गरज नाही हो काका" म्हणून मोकळा झालो. पहिली चूक माझीच, कारण का नको ते सांगितलं नाही की माणूस स्वतःच शोधून टाकतो.

काकांनी क्लॅमएव्ही हा लिनक्सवरचा फुकट अँटीव्हायरस टाकला. कुठूनतरी क्लॅमस्कॅनची, म्हणजे त्याच्या स्कॅनची, तयार कमांड उचलली, तिच्यात शेवटी "रिमूव्ह" (सापडलेली फाइल उडव) होतं, ती पूर्ण होम फोल्डरवर चालवली आणि झोपले. सकाळी मेलचं ॲप थंडरबर्ड उघडलं तर इनबॉक्स रिकामा! सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, पार्ट्यांचे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), ड्रॉइंग, सगळं त्यातच. झालं काय, की थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलीत ठेवतं, आणि त्यातल्या एका खोट्या इन्व्हॉइसच्या झिपमध्ये विंडोजचा व्हायरस होता. क्लॅमएव्हीने बरोबर पकडला आणि सांगितल्याप्रमाणे फाइल उडवली, म्हणजे अख्खा इनबॉक्स. अकाउंट पॉपवरचं, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, सर्व्हरवर कॉपी नाही. मी म्हटलं बॅकअप घेणारं टाइमशिफ्ट चालू आहे की, आणू परत, तर ते नेहमीच्या सेटिंगला फक्त सिस्टीमच्या फाइल्स घेतं, होममधलं तुमचं काही घेत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. शेवटी पार्ट्यांना फोन करकरून मेल परत मागवले. आणि गंमत म्हणजे ती विंडोजची ईएक्सई, डबल क्लिक केलं असतं तरी त्या मिंटवर नुसती चालली नसती.

म्हणून स्कॅन करायचाच तर फक्त रिपोर्ट घ्या, "रिमूव्ह" लावूच नका, कुठली फाइल सापडली ते डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा.

अजून दोन गोष्टींनी लोक घाबरतात. फ्रेशक्लॅम, म्हणजे क्लॅमएव्हीची व्हायरसची यादी अपडेट करणारा भाग, हाताने चालवलं की लॉग फाइल "लॉक्ड बाय अनदर प्रोसेस" अशी एरर येते, तो व्हायरस नाही, बॅकग्राउंडला तीच सर्व्हिस आधीपासून अपडेट करत असते, सोडून द्या. आणि ४ जीबीचा लॅपटॉप क्लॅमएव्ही टाकल्यावर रडायला लागला तर त्याचा डीमन (मागे सतत चालू राहणारा भाग) बंद करा, व्हायरसची सगळी यादी मेमरीत धरून बसतो आणि साधारण जीबीभर रॅम खातो, घरी त्याची गरज नसते.

आता उलटी चूक, "लिनक्सला व्हायरस लागतच नाही". २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटचीच वेबसाइट हॅक झाली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडच्या जागी बॅकडोअरवाल्या (चोरदार ठेवलेल्या) आयएसओची, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलची, लिंक लावली गेली, आता इन्स्टॉल करायच्या आधीच घाण आत असेल तर नंतर टाकलेला अँटीव्हायरस काय करणार? डाउनलोड केलेली फाइल अस्सल आहे का हे दाखवणारे चेकसम आणि डिजिटल सही तपासायचा कंटाळा करू नका. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे युजरनीच टाकलेल्या पॅकेजेसच्या साठ्यात, फायरफॉक्सच्या नावाने रिमोट कंट्रोलवाली खोटी पॅकेजेस सापडली. म्हणजे दार आतून आपणच उघडतो. वायफाय ड्रायव्हरसाठी व्हिडिओखालची कमांड न वाचता सुडो लावून (म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार देऊन) पेस्ट करणं, हे मी स्वतः केलंय, अँटीव्हायरस नसण्यापेक्षा दसपट वाईट.

अपडेट टाळणं तर फारच. पीकेएक्झेक या लिनक्सच्या प्रोग्रॅममधला पीडब्ल्यूएनकिट नावाचा बग २००९ पासून पडून होता, जानेवारी २०२२ ला उघड झाला, साध्या युजरला थेट रूट, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा, मिळत होतं, आणि तो गेला साध्या सिस्टीम अपडेटने. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ ला संपलाय, अजून तेच वापरत असाल तर अँटीव्हायरस शोधायच्या आधी ते बदला. फायरवॉल पण बघून घ्या, यूएफडब्ल्यू नावाचं फायरवॉल उबुंटूत असतं पण बंद असतं. "आज रात्री वीज कापणार" वाल्या मेसेजच्या लिंकवर तुम्ही स्वतः ओटीपी भरला तर मात्र लिनक्स असो की विंडोज, पैसे सारखेच जातात.

मग क्लॅमएव्ही कधी लागतो? फाइल्स विंडोजवाल्यांकडे जात असतील तेव्हा. काकांच्या सीएकडे विंडोज आहे, त्यामुळे पेनड्राइव्ह तिकडे द्यायच्या आधी तेवढाच स्कॅन करतात, आणि थंडरबर्डचं फोल्डर दर आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करतात. मला अजून ऐकवतात, "गरज नाही म्हणाला होतास ना रे?"